बजाबाई काकडीपाशी थांबली

दिवाळी उरकली की धनगराच्या वस्तीवर "निघायचं का?" असं कुणी कुणाला विचारत नाही. घोड्याच्या पाठीवर भांडीकुंडी चढतात, कोंबड्या दुरडीत जातात, नुकतीच जन्मलेली कोकरं झोळीत बसून जगाकडं डोळे वटारून बघतात आणि सगळा संसार आपसूक चालायला लागतो. मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, जिथं अर्धा गाव मराठीत भांडतो आणि अर्धा कानडीत, तिथल्या एका माळावरच्या वस्तीतही त्या सकाळी तसंच झालं. घोडं लादून झालं. कुत्री पुढं पळाली. मेंढरं वाटेला लागली. फक्त बजाबाई उठली नाही.

बांधावरच्या बाभळीखाली ती पाय लांब करून बसली होती. पाय तिचेच, पण बघत होती अशी की कुणा पाहुण्याचे आहेत. टाचांच्या भेगांत जोंधळ्याचा दाणा ठेवला तर आरामात बसला असता. गुडघे सुजून गुळाच्या ढेपेसारखे झालेले.

"उठ की बजे," रुद्रप्पा म्हणाला. हा तिचा नवरा. उंच, काटक, डोक्याला लाल पटका आणि खांद्यावर काठी. काठी घेतली की याला जगात दुसरं काही सुचत नाही.

"म्या न्हाय येत."

"आँ?"

"पाय न्हाय म्हणत्यात."

"पायांना कुणी इचारलं?"

"तेच की. लगीन झाल्यापासनं कुणी इचारलंच न्हाय. आता त्येनीच सांगितलं."

रुद्रप्पा हसला. बायको चेष्टा करतेय असं त्याला वाटलं. पण बजाबाई हसली नाही, आणि ती हसली नाही म्हटल्यावर त्याचंही हसू हळूहळू मावळलं.

बजाबाईचं आयुष्य सांगायचं तर वाटेनंच सांगावं लागतं, कारण ते सगळं वाटेवरच गेलं. थोरली पूनम जन्मली ती वैरागजवळ एका करडईच्या रानात. शेतकऱ्याच्या बायकोनं पाणी तापवून दिलं, जुनं लुगडं फाडून दिलं. दोन मुक्काम तिथं काढले आणि मग बाळंतीण लेकरू पाठीशी बांधून चालू लागली, कारण मेंढरांना करडई चालत नाही आणि मेंढरं थांबत नाहीत. धाकटीच्या वेळची गोष्ट तर रुद्रप्पा अजून पाहुण्यांना सांगतो. कुर्डुवाडीच्या रेल्वे फाटकापाशी इंजिनाची शिट्टी झाली, घोडं बुजलं आणि पाठीवरची बाज, त्या बाजेवर झोपलेली पोर, सगळं घेऊन उधळलं. पाव कोसावर सापडलं तेव्हा घोडं शांत चरत होतं आणि पोर शांत झोपलेली होती. रुद्रप्पा ही गोष्ट सांगताना मांडीवर थाप मारून हसतो. बजाबाई त्या गोष्टीला एकदाही हसलेली नाही. तो पाव कोस ती अजून पळतेच आहे.

आता दोन्ही लेकी आपापल्या घरी सुखी. अंगात शीण मात्र असा मुरलेला की झोपून उठलं तरी तो तिच्या आधी उठून बसलेला असायचा. माळाखाली त्यांची वीस गुंठे जमीन होती. पाच-सहा वर्षांखाली शेजारच्यांबरोबर मिळून तिथं बोअर मारलं, त्याला बरं पाणी लागलं, पण ते पाणी वापरायला वस्तीवर कुणी असायला पाहिजे ना.

"हितं बसून करशील काय?" रुद्रप्पानं विचारलं.

"काकडी लावीन."

"काकडी!" त्यानं भावाकडं, बिरुदेवाकडं बघितलं. "ऐकलंस का? आमची बाई बागायतदारीण झाली!"

"व्हय. झाले."

वाटेला लागलेली मेंढरं मागं वळवली, त्या दिवशी निघणं राहिलं. दुसऱ्या दिवशीही. रुद्रप्पाला वाटत होतं, बाईचा राग हाय, उतरल. उतरला नाही. शेवटी तिसऱ्या दिवशी तो बांधावर येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला.

"बरं, ऐक. पावसाच्या तोंडावर, रोहिणी लागायच्या आत आमी म्हागारी येतो. तवर तुझ्या येलांनी काय दावलं तर ऱ्हा हितंच, जल्मभर ऱ्हा. न्हाय दावलं तर पुढल्या दिवाळीला गुमान बोचकं उचलायचं. हाय कबूल?"

"हाय."

"पायांना इचारून सांग."

"त्येंचं आधीच झालंय इचारून."

म्हणजे असं ठरलं. पुढं चालायचं की नाही, हे आता त्या वीस गुंठ्यांवर आलं.

निघायच्या आधी बजाबाईनं एक मागणं घातलं: मेंढरं माझ्या रानात बसवा. ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. रात्री रानात जाळीचं कुंपण मारायचं, आत मेंढरं बसवायची. सकाळपर्यंत लेंड्या आणि मूत यांनी रान खतावतं. शेतकरी त्यासाठी धनगराला धान्य देतात, चहा पाजतात, पुढल्या वर्षीचंही सांगून ठेवतात. दुसऱ्यांची रानं खतवण्यात बजाबाईचं आयुष्य गेलं, पण स्वतःच्या रानात एकदाही मेंढरू बसलं नव्हतं. रुद्रप्पानं तीन राती कळप तिथंच बसवला, दाट, अंगाला अंग लावून. चौथ्या सकाळी रान काळंभोर दिसत होतं आणि त्याचा वास नाकातून थेट डोळ्यात जात होता. बजाबाईला तो वास म्हणजे माहेरच.

मेंढरं गेली. घुंगरं ऐकू येईनाशी झाली. बजाबाई घरात गेली, चुलीपुढं बसली आणि बसल्या बसल्या भिंतीला टेकून झोपली, ती उन्हं कलल्यावर उठली.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. मंगळवेढ्याच्या दुकानातून बियाणाची पुडी आणली. बोअरच्या पाण्यानं रान भिजवलं, सऱ्या पाडून घेतल्या, बी टोकलं. शेजारची जगदेवी बांधावरून बघत होती. जगदेवी ही अक्कलकोटाकडची लेक, तोंडात कानडी आणि मराठी एकत्र शिजलेली, आणि काकडी म्हणजे तिच्या सात पिढ्यांचा धंदा.

"अक्का, आत्ता लावतीस?"

"मंग कवा?"

"थंडी पडती की गं! सौतेकाईला, काकडीला, थंडी सोसत न्हाय. संक्रांत होऊ दे."

"माझ्या रानात मेंढरं बसलीत," बजाबाई म्हणाली. एवढं बोलून तिला वाटलं, बोलणं संपलं.

जगदेवीनं पुढं काही म्हटलं नाही. ती शेजारीण होती, सासू नव्हती.

बजाबाईचा विश्वास काही उगीच नव्हता. तिनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. कार्तिकात एखाद्या रानात मेंढरं बसवून जावं आणि परतीच्या वाटेवर यावं, तर ते रान असं हिरवंगार झालेलं असायचं, की बांधावरून मेंढरांना ओढून न्यावं लागायचं. मेंढरं बसली की पीक येतं, हे तिनं इतक्यांदा पाहिलं होतं की त्यात विचार करायचं काही उरलेलंच नव्हतं.

आठवडा गेला. रानात काही नाही. मार्गशीर्षातल्या पहाटेचा गारठा असा की बोअरच्या पाण्यात हात घातला की बोटं आपली राहत नाहीत. बजाबाईनं एका जागी माती उकरली तर बी तसंच, वरून मऊ पडलेलं, दाबल्यावर पाणी निघालं. थोडी रोपं उगवली, पण दोन पानांवर येऊन थबकली. पानांच्या कडा पिवळ्या, मग तपकिरी, मग विस्तवाची धग लागावी तशा करपलेल्या.

तिनं पुन्हा बी आणलं. पुन्हा टोकलं. वाकून उठताना कमरेतून आवाज यायचा. पुन्हा तेच झालं. जे थंडीतून वाचलं ते करपलं.

रुद्रप्पाचा फोन यायचा. बटणांचा छोटा मोबाईल, कानाला लावला की पलीकडून आधी मेंढरं बोलायची, मग तो.

"काय म्हणत्यात येल?"

"बरं हायत."

"कुटवर आलं?"

"वीतभर."

"फुलं?"

"येतील की. घाई कशाला?"

फोन ठेवला की ती रानाकडं बघायची. रानात वीतभर तर सोडाच, बोटभर काही नव्हतं. आयुष्यात नवऱ्याशी ती खोटं बोलली नव्हती, कारण दिवसभर दोघं एकाच वाटेवर असायची, खोटं बोलायला अंतरच नव्हतं.

पौषात एका दुपारी ती रानाच्या मधोमध सरीतच बसून राहिली. रडली नाही, रडायलाही जोर लागतो. जगदेवी पाणी पाजायला निघाली होती, तिनं बघितलं आणि खांद्यावरचं खोरं खाली टाकून तीही शेजारी येऊन बसली.

"कशानं गं जगदे? मेंढरं बसली की मातीत सोनं हुतंय म्हणायचं समदं गाव."

"हुतंय की. खोटं न्हाय."

"मंग?"

"तुमी मेंढरं उठवून गेला की आमी काय करतो, म्हाईत हाय का?"

"काय करता? पेरता."

"न्हाय अक्का. वाट बघतो."

"कशाची?"

"ताजं खत, ताजा मूत, लई ऊन असतंय ते," जगदेवी म्हणाली. "आमी नांगरतो, उलटंपालटं करतो, पाणी सोडून भिजवतो, वाळू देतो, परत भिजवतो. त्येची आग बाहेर निघू देतो. मग बी. कोवळं रोप म्हंजे लेकरूच की, पेटल्या चुलीवर कुणी निजवतं का?"

"मला कुणी सांगितलं न्हाय."

"तुमाला कोण सांगणार? तुमी तवर तीन गावं पुढं गेलेला असताय!"

बजाबाईनं करपलेलं एक रोप उपटून हातात घेतलं. एवढी वर्षं तिनं रानं बघितली ती बसवताना आणि हिरवी झाल्यावर. मधलं तिनं कधी बघितलंच नव्हतं. तिनंच काय, तिच्या सासूनं नाही, सासूच्या सासूनं नाही.

"आता?" तिनं विचारलं.

"आता लई बेस येळ हाय. तुझी आग बी निघत आली. संक्रांत जाऊ दे, चार दिस उन्हं पाठीला लागू देत. काकडी वरसातनं दोन डाव लावायची, अक्का. एक आत्ता, संक्रांतीच्या पाठीमागं. आन दुसरी मिरगाचा पाऊस मुरल्यावर. थंडीत टोकायची न्हाय. चैत-वैशाखात तर देवानं सांगितलं तरी टोकायची न्हाय. फुलं जळून जात्यात, आन फळ आलं तर कडू जहर."

रान पुन्हा नांगरलं. भिजवलं. वाळू दिलं. परत भिजवलं. बजाबाईला वाटायचं, नुसतं बसून राहणं हेही काम असू शकतं, हे कळायला म्हातारपण यावं लागलं. पण बसून राहताना पायांना बरं वाटायचं, हेही खरं.

बी जगदेवीनंच दिलं. घरचं, वेलावर पिकून पिवळ्या झालेल्या काकडीचं, राखेत चोळून ठेवलेलं. ते आधी पाण्यात टाकलं, वर तरंगलं ते फेकून दिलं. खाली बसलं ते ओल्या फडक्यात बांधलं.

"आता ह्ये उबेला ठेव. आमी उकिरड्यात पुरतो," जगदेवी म्हणाली.

बजाबाईनं उकिरड्यात पुरलं नाही. तिनं ती पुरचुंडी पोटाशी खोचली, वर घोंगडं पांघरलं आणि तशीच घरात-दारात वावरली. थंडीत जन्मलेलं कोकरू ती असंच पदराखाली घेऊन चालायची. जगदेवीनं बघितलं आणि हसून हसून तिचा खोकला उसळला.

"यवा! ह्या वयात दिवस ऱ्हायलं का गं तुला?"

"व्हय. काकडीचं."

फडकं सोडलं तेव्हा एकेका बीला पांढरा मोड फुटलेला होता, उंदराच्या शेपटीसारखा. वरंब्याच्या कुशीला, हातभर अंतरावर, बोटाच्या एका पेराएवढं खोल, एका जागी दोन-दोन बिया. मोड खालच्या बाजूला. वर भुसभुशीत माती, दाबायची नाही. पाणी सरीतून हळू, असं की वरंबा ओला व्हावा पण बुडू नये. मावळतीच्या अंगाला जगदेवीनं मक्याची दाट ओळ लावायला सांगितली, म्हणजे चैत्रात दुपारचं ऊन थेट वेलावर येत नाही आणि वाराही अडतो.

पाचव्या-सहाव्या सकाळी बजाबाई रानात गेली, तर मातीला तडे गेलेले आणि प्रत्येक तड्यातून एक वाकडी हिरवी मान. ती खाली बसली. कुणाला हाक मारावी असं वाटलं, पण हाक मारायला वस्तीवर कुणी नव्हतं. मग तिनं रोपांनाच "बरं, बरं" म्हटलं.

त्यानंतरचं सगळं कष्टाचं. तांबडे किडे आले, पानांची चाळण करायला लागले. पहाटे दव असताना चुलीतली राख पानांवर भुरभुरायची. दोन रोपांतलं जोरदार एक ठेवायचं, दुसरं खुडायचं; हे खुडताना तिचा हात अडखळायचा. तुरीच्या काड्या रोवून वेल त्यांवर चढवले. बोअरच्या मोटारीला वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्या मापानं तिची झोप ठरायची. शेळ्या-मेंढरांमागं पळायचं नव्हतं, पण वाकायचं होतं. पाय जरा शांत झाले तर कंबर बोलायला लागली. शिणाचं काय असतं, त्याला अंगातून हाकललं की तो बाहेर जात नाही, नुसती जागा बदलतो.

मग फुलं आली. पिवळीधमक, रान चांदण्यांनी भरल्यासारखं. आणि तिसऱ्या दिवशी टपाटप गळायला लागली. बजाबाई ओंजळभर फुलं घेऊन पळत, म्हणजे तिला जमेल तशी पळत, जगदेवीकडं गेली.

"गेलं गं! समदं गेलं!"

जगदेवीनं एक फूल उचललं, उलटंपालटं केलं. "ह्येच्या बुडाला काकडी हाय का बघ. न्हाय ना? ही गडी फुलं. पहिल्यांदा हीच येत्यात, मिरवत्यात आन गळून जात्यात. काम करणाऱ्या बायका मागनं येत्यात."

"आमच्या घरात बी तसंच," बजाबाई म्हणाली, आणि दोघी बांधावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

पाडव्याच्या आधी पहिला तोडा निघाला. काकडी दिसायला साधी, फिकट हिरवी, अंगावर बारीक काटे. पण मोडली की कडकन आवाज आणि थंड वास. बजाबाईला वाटलं होतं, एकदा फळ धरलं की आता निवांत. तिथंच ती परत चुकली. काकडी थांबत नाही. एक दिवसाआड तोडावीच लागते. आज राहू दे म्हटलं तर परवा ती मनगटाएवढी होऊन पिवळी पडते, आणि एक पिकली की वेल बाकीच्यांना सोडून देतो. आजारी पडायची सोय नाही, पाहुण्याकडं जायची सोय नाही. पहाटे तोडायचं, पाटीत रचायचं, ओलं फडकं टाकायचं, फाट्यावर जाऊन वडापची जीप पकडायची आणि बाजारात जाऊन बसायचं.

एकदा मोटारीचा फ्यूज गेला आणि दोन पाळ्या पाणी चुकलं. त्या आठवड्यात बाजारात एका बाईनं काकडीचा तुकडा चावला आणि तोंड वाकडं केलं.

"मावशी, काकडी मागितली हुती, कारलं दिलंस की!"

"देठाकडचं कापून, चोळून फेस काढ की बाई."

"फेस काढता काढता माझ्याच तोंडाला फेस आला."

शेजारच्या भाजीवाल्या हसल्या. बजाबाई पाटी घेऊन परत आली, आणि त्या दिवसापासून पाण्याची पाळी तिनं कधी चुकवली नाही. मेंढरासारखंच आहे हे, तिला वाटलं; तहानलं की लगेच कळवतं, फक्त ओरडत नाही.

चैत्र सरत आला. ऊन असं की सकाळी नऊलाच माळ थरथरायला लागायचा. मक्याच्या ओळीच्या आडोशाचे वेल अजून तगून होते, पण पलीकडच्या कडेचे दुपारी मान टाकायचे. खालची पानं कागदासारखी वाजायला लागली. फुलं कमी झाली.

"अजून किती दिस?" बजाबाईनं विचारलं.

"वैशाख लागला की उतरती कळा. मग उपटून टाकायचं," जगदेवी म्हणाली. "मिरगाला परत."

बजाबाईच्या एकदम काहीतरी ध्यानात आलं. "रोहिणीला काय असंल रानात?"

"रोहिणीला? काय न्हाय. वाळल्या काड्या."

रोहिणी लागायच्या आत रुद्रप्पा येणार होता. येऊन बांधावर उभा राहणार होता आणि बघणार होता. काय बघणार होता? रिकामं रान, तुरीच्या काड्या, दोरखंडासारखे सुकलेले वेल. "येलांनी काय दावलं?" असं विचारल्यावर रान काय दाखवणार? तिनं तोंडानं सांगितलं असतं, पण ती तर मार्गशीर्षापासून वीतभर वेल सांगत आली होती. त्याला तेव्हाचं खोटं आणि आताचं खरं सारखंच ऐकू आलं असतं.

तिनं फोन लावला. "या की चार दिस. आत्ताच या."

"आन मेंढरं? अकलूजच्या पुढं हावो आमी, ऊस तुटलेल्या रानात. बिरुदेवाला एकट्याला झेपत न्हाय."

"एक दिस या."

"येतो की रोहिणीच्या आत. येल पळून जात्यात का?"

पलीकडं मेंढरं ओरडली आणि फोन बंद झाला.

बजाबाई रात्रभर काही न ठरवता पडून राहिली. सकाळी उठली, तोडा काढला, त्यातल्या चांगल्या काकड्या निवडून पाटीत रचल्या, मधोमध एक वेलाचा शेंडा, पानाफुलासकट, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. जगदेवीला त्या दिवसाची पाण्याची पाळी सांगितली आणि फाट्यावर एसटीला उभी राहिली.

मंगळवेढा, तिथून पंढरपूर, तिथून अकलूज. बायकांचं अर्धं तिकीट, पण उभं मात्र पूर्णच राहावं लागलं. पाटी मांडीवर घेऊन बसायला जागा मिळाली तोवर वेळापूर मागं पडलं होतं. अकलूजच्या पुढं एका फाट्यावर उतरली आणि विचारत विचारत चालायला लागली. हे तेवढं चालणं तिला चुकलं नाही. डांबर तापलेलं, पायांनी पहिल्या शंभर पावलांतच सगळी जुनी तक्रार नव्यानं मांडली.

कळप तिला आधी ऐकू आला. तुटलेल्या उसाच्या रानात मेंढरं पाचटात तोंड खुपसून उभी होती. चिंचेखाली बिरुदेवाची बायको राजाबाई भाकऱ्या थापत होती. तिनं मान वर केली आणि थापती भाकरी हातातच राहिली.

"अगं बया! बागायतदारीण आल्या की! अवं भावजी, बघा कोण आलंय!"

रुद्रप्पा आला. वाळलेला दिसत होता. त्यानं आधी तिच्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं, मग पाटीकडं.

"आलीस? चालाया?"

"न्हाय. खाया घालाया."

तिनं फडकं काढलं. रुद्रप्पानं एक काकडी उचलली, पटक्याला पुसली आणि मोडली. कडकन आवाज झाला. राजाबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि हात पुसत जवळ आली. बिरुदेवही आला. थोडा वेळ नुसतं चावण्याचा आवाज होता.

"कडू न्हाय," बिरुदेव म्हणाला.

"पाणी चुकवत न्हाय म्या."

रुद्रप्पानं वेलाचा शेंडा हातात घेतला, पान बोटांनी चाचपलं. फूल अजून ताजं होतं.

"म्हागारी आल्यावर बघितलंच असतं की म्या," तो म्हणाला. "एवढ्या लांब उन्हात कशाला?"

"म्हागारी आल्यावर रानात काय नसंल. वैशाखात येल मरून जातोय. तुमी आला असता, वाळल्या काड्या बघितल्या असत्या आन म्हणला असता, उचल बोचकं."

रुद्रप्पानं शेंडा परत ओल्या फडक्यात ठेवला.

"आन आधी वीतभर म्हणत हुते ना मी, ते खोटं हुतं," ती म्हणाली. "दोन डाव सगळं करपलं. ह्ये तिसऱ्या डावाचं हाय."

"म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"जगदेवीच्या नवऱ्याचा फोन आल्ता, दुसऱ्याच कामाला. त्येनं सांगितलं हुतं."

"आन तुमी मला रोज इचारत हुता? फुलं आली का म्हणून?"

रुद्रप्पा पाचटाची काडी मोडत बसला. राजाबाई पाठ फिरवून भाकरीकडं वळली, पण कान इकडंच होते.

"मला वाटलं, न्हाईच येणार येल," तो शेवटी म्हणाला. "न्हाय येणार म्हणूनच तर तसं ठरवलं. दिवाळीला तू परत येशील असं वाटलं. एकट्यानं चाललं की वाट लई लांब हुती, बजे."

बजाबाईनं त्याच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्याला वाट लांब वाटते, हे त्यानं पहिल्यांदा सांगितलं होतं. तिला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून गुडघे बरे होत नाहीत.

"दिवाळीला म्या येत न्हाय," ती म्हणाली. "इचाराया न्हाय आले. सांगाया आले."

"मंग मला भाकरी कोण घालणार?"

"राजी घालती की."

"तिच्या भाकरीला..."

"काय हाय माझ्या भाकरीला?" राजाबाई चुलीवरून गरजली.

"काय न्हाय गं. लई गोड हाय."

"मंग गप खावा!"

रुद्रप्पा हसला, आणि हसता हसता त्यानं दुसरी काकडी उचलली. ती सगळी खाल्ली. मग देठ मेंढराकडं फेकत म्हणाला, "बरं."

एवढंच. पण धनगराचं "बरं" म्हणजे खुंटा ठोकल्यासारखं असतं. बजाबाईचे खांदे खाली आले. किती वर ओढून धरले होते, हे तिला तेव्हा कळलं.

"आजचा दिस ऱ्हा," राजाबाई म्हणाली.

"कसं ऱ्हाऊ? उद्या पाण्याची पाळी हाय."

जेवून ती उठली. फाट्यापर्यंत रुद्रप्पा सोडायला आला. रिकामी पाटी त्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. ती दोनदा थांबली तर तोही दोनदा थांबला, घाई केली नाही. फाट्यावर झाडाच्या सावलीत दोघं बसली. 

एसटी आली. त्यानं पाटी आत सरकवली.

"मिरगाला परत लावणार म्हण की," तो खालून म्हणाला.

"लावणार."

"पाण्याची पाळी चुकवू नगंस."

"तुमी बीपीच्या गोळ्या चुकवू नगा. राजीला सांगितलंय मी."

गाडी हलली. बजाबाईनं खिडकीतून बघितलं, तो धुळीत उभा होता, काठीवर दोन्ही हात ठेवून. मग वळण आलं. तिनं कंडक्टरकडं मान वळवली.

"दादा, पंढरपूरला उठवा. मला झोप लागंल."

"झोपा की मावशी. कुटं जायचंय पुढं?"

"घरी," ती म्हणाली, आणि त्यानं तिकीट फाडून पुढं धरेपर्यंत तिची मान खिडकीच्या गजाला टेकलेली होती.